हेमीच्या काळातला डेना ६० एक्सल चेरोकीखाली बसवावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. कोलोरॅडोत तुमच्या शेजारच्या वृद्ध गृहस्थांच्या निधनानंतर त्यांच्या शेडमधून तुम्हाला एक मागचा एक्सल मिळाला. घरच्यांच्या आठवणीप्रमाणे तो १९७० च्या सुमाराच्या एका प्लिमथखालून काढलेला आहे. मधल्या बिडाच्या भागावर ६० हा आकडा ओतलेला आहे, मागच्या झाकणाला दहा बोल्ट आहेत, एका बोल्टखाली अडकवलेल्या पत्र्याच्या पट्टीवर ३.५४ असे वाचता येते आणि चाकाला पाच बोल्ट आहेत. तुमच्याकडे १९९९ ची जीप चेरोकी आहे, ४ लिटरचे इंजिन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असलेली. ती उंच करून तिला ३५ इंची टायर घालायचे आणि खडकाळ वाटांवर न्यायची असा तुमचा बेत आहे. चाकाच्या बोल्टांची जुळणी तीच, रुंदी जवळपास तीच, रेशोही, म्हणजे गिअरबॉक्सकडून येणाऱ्या शाफ्टचे किती फेरे झाले की चाकाचा एक फेरा होतो ते प्रमाणही, जवळपास तोच. मग हा एक्सल बसवायला हरकत काय, असे तुम्ही विचारता.

माझे उत्तर आधी सांगतो आणि कारणे मागून देतो. हा एक्सल तुमच्या जीपखाली बसवता येईल आणि नीट बसवला तर तो मोडण्याची वेळ सहसा येणार नाही. तरीही तो खरोखर त्या काळातल्या गाडीचा असेल, तर त्याला ग्राइंडर किंवा वेल्डिंग लावू नका. ज्याची गाडी त्या एक्सलवाचून अपुरी आहे अशा माणसाला तो द्या आणि त्या पैशांतून खडकांसाठी घडवलेला एक्सल घ्या. ॲरिझोनात तीस वर्षांहून अधिक काळ एक्सल आणि गिअरबॉक्सची कामे करून मी या मतावर आलो आहे. त्यामागे माझ्या स्वतःच्या हातून घडलेली एक चूकही आहे, ती पुढे सांगतोच.

प्रथम तुमच्याकडे काय आहे ते पाहू. १९६६ ते १९७१ या वर्षांत क्रायस्लरच्या प्लिमथ आणि डॉज गाड्यांत ४२६ घनइंचाचे हेमी इंजिन मिळत असे. त्याच्या जोडीला चार वेगांचा हाताने बदलायचा गिअरबॉक्स घेतला, तर मागे डेना कंपनीचा ६० क्रमांकाचा एक्सल येई. ४४० घनइंचाच्या इंजिनासोबत तोच गिअरबॉक्स घेणाऱ्यांनाही तो मिळत असे. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या गाड्यांत सहसा क्रायस्लरचा स्वतःचा, पावणेनऊ इंची क्राऊनचा, म्हणजे आतल्या मोठ्या दातेरी चाकाचा, एक्सल असे. क्लच एकदम सोडून गाडी उसळवणाऱ्या चालकाचा धक्का तो छोटा एक्सल सोसेल याची कंपनीला खात्री नव्हती, म्हणून ट्रकच्या घराण्यातला हा मोठा एक्सल मोटारीखाली आला. त्याचा क्राऊन ९.७५ इंच व्यासाचा आहे, शाफ्टला ३५ स्प्लाइन, म्हणजे टोकावरचे लांबट दाते, आहेत आणि त्या शाफ्टची जाडी दीड इंच भरते. रेशो दोनच मिळत, ३.५४ आणि ४.१०. १९७० सालच्या प्लिमथच्या हेमी कुडा गाडीचे बंद छताचे ६५२ नग बनले आणि त्यांतल्या २८४ गाड्यांनाच चार वेगांचा गिअरबॉक्स होता, यावरून या वस्तूची टंचाई लक्षात यावी. ४४० च्या गाड्या धरल्या तर संख्या बरीच वाढते. पण त्या गाड्यांना आता पन्नास वर्षे उलटून गेली आहेत आणि दरम्यानच्या काळात कित्येक एक्सल शर्यतीच्या गाड्यांखाली कापून संपले.

पट्टीवरच्या आकड्यावर विसंबू नका, कारण पट्टी एका बोल्टवर असते आणि ती कोणीही कुठूनही आणून लावू शकतो. झाकण उघडून दाते मोजा. क्राऊनला ४६ आणि त्याला फिरवणाऱ्या छोट्या पिनियनला १३ दाते निघाले तर भागाकार ३.५४ येतो, ४१ आणि १० निघाले तर ४.१०. हे आकडे बहुधा क्राऊनच्या कडेवर ठोकलेलेही सापडतात. त्यानंतर एक्सलच्या नळीवर पाहा. डेनाच्या एक्सलवर जुळणीचा क्रमांक आणि तारखेचा संकेत नळीच्या पृष्ठभागावर ठोकलेला असतो, आणि तो पन्नास वर्षांच्या रंग, तेल व गंजाच्या थराखाली असतो. तो थर रॉकेलसारख्या द्रवाने भिजवून, पितळी तारेच्या ब्रशने, हाताने काढा. ग्राइंडरवरचा तारेचा ब्रश किंवा वाळूचा मारा इथे वापरू नका. ठोकलेल्या आकड्यांची खोली इतकी कमी असते की अतिउत्साहाचे दोन मिनिटांचे काम ती पुसून टाकते.

आता चुकीची गोष्ट. १९९७ साली, मी या धंद्यात नवा असताना, ज्या गॅरेजमध्ये नोकरीला होतो तिथे एका गिऱ्हाइकाने असाच एक्सल आणला. तो जुन्या सीजे जीपखाली घालायचा होता. मला सांगितले तसे मी स्प्रिंगच्या पाट्यांच्या जुन्या बैठका कापून काढल्या, दोन्ही नळ्या आखूड केल्या आणि रंग नीट धरावा म्हणून संपूर्ण नळी चकचकीत होईपर्यंत घासली. काम उत्तम झाले, गाडी अनेक वर्षे चालली. पुढे त्या गृहस्थांनी जीप मोडीत काढली आणि एक्सल विकायला काढला, तेव्हा एका जुन्या प्लिमथची पुनर्बांधणी करणाऱ्या माणसाने फोनवर पहिला प्रश्न विचारला तो नळीवरच्या क्रमांकाचा. सांगायला क्रमांकच उरला नव्हता. रुंदीही गेली होती. त्याच्या दृष्टीने ते एक जड लोखंड होते, आणि ते तसे माझ्यामुळे झाले होते. लेथवर आखूड केलेली नळी पुन्हा मूळची होत नाही. त्या दिवसापासून एखादा जुना एक्सल बाकावर आला की मी आधी त्याचे आकडे वाचून, फोटो काढून, कागदावर उतरवून घेतो आणि मगच पान्याला हात लावतो.

पण केवळ जुन्या वस्तूच्या आदरापोटी तुम्ही तुमचा बेत सोडावा असे मला म्हणायचे नाही. तांत्रिक बाजूही तपासली पाहिजे, कारण तुमच्या प्रश्नाचा सर्वांत मोलाचा भाग ताकदीचा आहे आणि ताकदीबद्दलच सर्वांत जास्त गैरसमज आहेत.

हेमी इंजिनाची सर्वाधिक पिळकट शक्ती, म्हणजे टॉर्क, ४९० फूट-पाउंड होती. चार वेगांच्या गिअरबॉक्सचा पहिला गिअर २.६५ चा आणि मागचा रेशो ३.५४ चा धरला, तर गुणाकार साधारण ४,६०० फूट-पाउंड येतो. तुमच्या चेरोकीचे इंजिन २२५ फूट-पाउंडाचे, म्हणजे निम्म्याहूनही कमी. परंतु ऑटोमॅटिकचा पहिला गिअर २.८० चा आहे, ताकद पुढच्या-मागच्या एक्सलांत वाटणाऱ्या ट्रान्सफर केसचा लो रेंज, म्हणजे हळू चालण्याचा गिअर, आणखी २.७२ पट करतो आणि मागे ३.५५ आहे, त्यांचा गुणाकार ६,००० च्या वर जातो. ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी असणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टरची भर यात धरलेलीच नाही. पुढे रेशो ४.५६ केलात तर तोच आकडा ७,८०० पर्यंत पोहोचतो. म्हणजे खडकावर रांगणारी जीप आपल्या एक्सलवर हेमीपेक्षा अधिक ताण आणू शकते. फरक ताणाच्या स्वरूपात आहे. शर्यतीच्या पट्टीवर तो ताण हातोड्याच्या एका घावासारखा येतो आणि टायर घसरताच ओसरतो. खडकात एक चाक फटीत अडकते, बाकीची हवेत किंवा वाळूत असतात आणि शाफ्टला हळूहळू, दोरीला पीळ घालावा तसा पीळ बसत जातो. सुटायला वाव नसेल तर तो तुटेपर्यंत बसतो.

तरी एका चाकावर किती ताण येईल याला टायरची पकड हीच शेवटची मर्यादा असते. समजा चढावर एका मागच्या चाकावर १,५०० पाउंड भार आहे आणि खडकावर पकड उत्तम आहे. ३५ इंची टायरची त्रिज्या भाराखाली दबून सुमारे १७ इंच, म्हणजे १.४ फूट उरते. तेव्हा त्या चाकावर २,१०० फूट-पाउंडांच्या आसपास टॉर्क आला की टायर घसरू लागणार. चाक फटीत अडकले असेल तर मात्र ही मर्यादा लागू होत नाही. आता शाफ्टची जाडी पाहा. पिळाला तोंड देण्याची ताकद व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ३१ स्प्लाइनचा सुमारे १.३१ इंची शाफ्ट आणि ३५ स्प्लाइनचा दीड इंची शाफ्ट यांत, पोलाद सारखेच असेल तर, दीडपटीचा फरक पडतो. हा फरक मोठा आहे आणि डेना ६० ची कीर्ती त्याच्यावरच उभी आहे. प्रश्न एवढाच की तुमच्या वजनाच्या गाडीला तो लागतो का. माझ्या अनुभवात ३३ इंची टायरच्या चेरोकीला ३१ स्प्लाइनचा चांगला शाफ्ट पुरतो. ३५ इंची टायर, दोन्ही चाके एकत्र जखडणारा लॉकर आणि धीर न धरणारा चालक हे तिन्ही एकत्र आले तरच ३५ स्प्लाइनचा विचार करावा.

आणि इथे एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. तुमच्या जीपच्या पुढे डेना ३० आहे, ज्याचा क्राऊन जेमतेम सव्वासात इंचाच्या आतला आहे, आणि त्याच्या शाफ्टमधले क्रॉस, म्हणजे युनिव्हर्सल जॉइंट, त्याहून नाजूक आहेत. मागे मोडायचे बंद झाले की चालक अधिक जोर लावतो. उतारावरून मागे येताना, स्टिअरिंग पूर्ण वळलेले असताना तो जोर पुढच्या क्रॉसवर पडतो. मागचा एक्सल अभेद्य केल्यावर पुढचा शाफ्ट तुटलेल्या जीप मी इतक्या पाहिल्या आहेत की, पैसे मर्यादित असतील तर निम्मे पुढच्या एक्सलसाठी राखून ठेवा असे मी प्रत्येकाला सांगतो. तुमच्या हातात मागचा एक्सल फुकट पडला म्हणून सगळे नियोजन मागच्या बाजूने सुरू झाले आहे, हे मला पहिल्यापासून खटकते आहे.

जुळणीबद्दल तुमचे निरीक्षण अचूक आहे आणि मोह कुठून निर्माण होतो ते मला समजते. क्रायस्लरच्या त्या गाड्यांत पाच बोल्ट साडेचार इंची वर्तुळावर होते आणि चेरोकीतही तसेच आहेत. दोघांच्याही स्टडचा व्यास अर्धा इंच आणि आट्यांची जात एकच. रुंदी दोन्हीकडे ६० इंचांच्या आसपास भरते, पण प्लिमथ-डॉजच्या बाजूने वर्षानुसार आणि शरीरानुसार ती बदलते, म्हणून ब्रेक ड्रमच्या चाक टेकणाऱ्या पृष्ठभागापासून दुसऱ्या बाजूच्या तशाच पृष्ठभागापर्यंत प्रत्यक्ष मोजा. एक सावधगिरी इथेच सांगतो. १९७० पर्यंतच्या क्रायस्लर मोटारींत चालकाच्या, म्हणजे डाव्या बाजूच्या स्टडना उलटे आटे असत. चाक फिरण्याच्या दिशेने नट सैल होऊ नये असा त्यामागचा विचार होता, आणि १९७१ पासून तो सोडून दिला. हे ठाऊक नसलेला माणूस डावीकडे जीपचे नट बसवताना जोर लावतो आणि आटे उडवतो, किंवा काढताना नेहमीच्या दिशेने पाना फिरवत राहतो आणि स्टडच मोडतो. स्टडच्या टोकावर इंग्रजी एल हे अक्षर कोरलेले दिसले तर ते उलट्या आट्याचे समजा.

रेशोतही सुरुवातीला सगळे छान जुळते. मागे ३.५४ आणि पुढे ३.५५ यांतला फरक तीन दशांश टक्क्यांच्या आतला आहे. चार टायरांच्या झिजेत याहून जास्त फरक असतो. पण तुम्हाला ३५ इंची टायर घालायचे आहेत. मूळचा टायर सुमारे २८ इंची होता. ३.५५ ला ३५ ने गुणून २८ ने भागले की ४.४४ येते, म्हणजे इंजिनाला मूळचा हलकेपणा परत द्यायचा तर ४.५६ चा क्राऊन-पिनियन हवा, आणि तो पुढे-मागे दोन्हीकडे हवा. डेना ६० च्या बाबतीत इथे अडते. त्याचा क्राऊन ज्याच्यावर बसतो तो कॅरिअर दोन मापांत येतो, एक ४.१० पर्यंतच्या रेशोंसाठी आणि दुसरा ४.५६ पासून पुढच्या. म्हणजे तुमच्या एक्सलमधला मूळचा कॅरिअर आणि त्यातले लिमिटेड स्लिप, म्हणजे एक चाक घसरू लागले तरी दुसऱ्याकडे ताकद पोहोचवणारी रचना, हे दोन्ही बाजूला काढावे लागेल. ते लिमिटेड स्लिप खडकात तसेही अपुरे पडते, कारण त्यातल्या घर्षणाच्या चकत्यांना दोन्ही चाकांकडून काही ना काही प्रतिकार लागतो आणि एक चाक पूर्ण हवेत गेले की तो मिळत नाही. हवेच्या दाबावर किंवा दात्यांवर पूर्ण अडकणारा लॉकरच तिथे कामाचा. मूळचे क्राऊन-पिनियन गेले, कॅरिअर गेला, लिमिटेड स्लिप गेले. आता त्या एक्सलमधले तुमच्या कामाचे काय राहिले याचा हिशेब करा. राहते ते हौसिंग, म्हणजे एक्सलचे बाहेरचे कवच, आणि शाफ्ट, आणि हे दोन्ही आज नवे, तुमच्या मापाचे, विकत मिळतात.

हौसिंगवरच सर्वाधिक काटछाट करावी लागते. प्लिमथ-डॉजमध्ये पाटे एक्सलच्या खाली असत आणि पाट्यांच्या बैठका नळीच्या खालच्या अंगाला वेल्ड केलेल्या. चेरोकीत पाटे एक्सलच्या वर बसतात. शिवाय पाट्यांमधले अंतर वेगळे आहे आणि शॉकॲब्झॉर्बरची खालची पकडही वेगळ्या जागी येते. म्हणून जुन्या बैठका कापणे आणि नव्या वरच्या बाजूला वेल्ड करणे अपरिहार्य ठरते. यू-बोल्टच्या जोरावर, वेल्डिंग न करता, सुट्या बैठका कसून बसवण्याची कल्पना मला अनेकांनी सुचवली आहे. रस्त्यावर ती कदाचित टिकेल, पण लो रेंजमध्ये हौसिंग बैठकीत फिरून पिनियन वर उचलला गेला तर प्रोपेलर शाफ्ट तुटून गाडीच्या तळाला लागतो. मी ते काम कोणालाही करून देणार नाही.

पिनियनचा कोन हा दुसरा मुद्दा, आणि तो पाट्यांच्या बैठकीशी जोडलेला आहे. लांब मोटारीत प्रोपेलर शाफ्ट लांब असतो आणि पिनियन जवळपास जमिनीला समांतर ठेवलेला असतो. चेरोकी आधीच आखूड, त्यात ती सहा इंच उचलली की प्रोपेलर शाफ्ट तीव्र उताराने खाली येतो. मग ट्रान्सफर केसच्या मागचा सरकता भाग बदलून दुहेरी क्रॉसचा शाफ्ट बसवतात आणि पिनियनचे तोंड थेट ट्रान्सफर केसकडे वळवतात. तसे केले की हौसिंगमधले तेल मागे सरकते आणि पिनियनच्या पुढच्या बेरिंगपर्यंत पुरेसे पोहोचत नाही. तेल भरण्याच्या बुचाची पातळीही मूळची राहत नाही, ती नव्या कोनाप्रमाणे ठरवून थोडे अधिक तेल भरावे लागते. त्यातच या एक्सलचा पिनियन मध्यरेषेच्या खाली आहे, त्यामुळे प्रोपेलर शाफ्टचे टोक खडकाला लागण्याच्या उंचीवर येते. ३१ वरून ३५ इंची टायर घेतल्यावर एक्सल दोन इंच वर जातो, पण मोठ्या हौसिंगचे पोट खाली लोंबून त्यातला काही भाग परत घेते.

बिडाला वेल्डिंग करण्याबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण इथेच चांगले एक्सल बिघडतात. डेना ६० च्या पोलादी नळ्या मधल्या बिडाच्या भागात दाबून बसवलेल्या आणि छिद्रांतून वेल्ड केलेल्या असतात. खडकाच्या कामात त्या हलू नयेत म्हणून लोक नळी आणि बीड यांच्या सांध्यावर गोल वेल्ड मारतात किंवा वरून त्रिकोणी आधार जोडतात. बीड थंड असताना वेल्ड केले तर ते शेजारीच तडकते. आधी सर्व बाजूंनी एकसारखे तापवून, निकेलयुक्त रॉड वापरून, तुकड्यातुकड्याने वेल्ड करून, नंतर ते झाकून अतिशय हळू थंड होऊ द्यावे लागते. इतके करूनही नळी वाकते. नळी किंचित वाकली तरी शाफ्ट बेरिंगमध्ये तिरका चालतो आणि सील महिन्याभरात तेल सोडू लागते. म्हणून वेल्डिंगनंतर सरळपणा तपासायला कॅरिअरच्या जागी लांब दांडा आणि गोल चकत्या घालून पाहावे लागते. कोल्हापूरकडे जुन्या महिंद्रा जीपच्या हौसिंगवर वेल्डिंग करणारे कारागीर मी लहानपणी पाहिले आहेत. ते विस्तवावर तापवत आणि राखेत पुरून ठेवत, आणि तेच शास्त्र इथेही चालते.

चाकाच्या बाजूची रचनाही पाहून घ्या. हा एक्सल अर्धतरंगता आहे, म्हणजे गाडीचे वजन शाफ्टवरूनच चाकाकडे जाते आणि चाक शाफ्टच्या फ्लँजला बोल्ट केलेले असते. शाफ्ट बेरिंगच्या बाहेरच्या बाजूला तुटला तर चाक शाफ्टच्या तुकड्यासह निघून जाते. ट्रकमधला त्याच क्रमांकाचा डेना ६० बहुधा पूर्णतरंगता असतो. तिथे वजन हब आणि स्पिंडल पेलतात, शाफ्ट फक्त फिरवतो, आणि तो तुटला तर उपसून काढून गाडी पुढच्या चाकांवर घरी आणता येते. दोघांचा क्रमांक एक असला तरी या बाबतीत ते वेगळे प्राणी आहेत. बाहेर आलेल्या रुंद रिम आणि ३५ इंची टायर यांचा जो वाकवणारा भार आहे, तो मोटारीच्या अरुंद चाकांसाठी ठरवलेल्या बेरिंगवर पडणार, हे ध्यानात ठेवा.

तर मग काय करावे? आकडे वाचून झाले आणि ते त्या काळाशी जुळले, तर क्रायस्लरच्या जुन्या गाड्यांची पुनर्बांधणी करणाऱ्यांच्या मंडळांत चौकशी करा. त्यांना एक्सलवरची तारीख गाडीच्या बांधणीच्या थोडी आधीची हवी असते. मूळ शाफ्ट, ११ इंची ड्रम, लिमिटेड स्लिप आणि न कापलेल्या बैठका या सगळ्यांसह मिळालेल्या एक्सलला ते हजारो डॉलर देतात. त्या पैशांत तुमच्यासमोर दोन चांगले मार्ग आहेत. ३३ इंची टायरवर समाधान मानणार असाल तर १९९५ ते २००१ च्या फोर्ड एक्सप्लोररचा ८.८ इंची एक्सल घ्या. त्याला ३१ स्प्लाइन आहेत, डिस्क ब्रेक आहेत, बोल्टांची जुळणी तुमचीच आहे आणि रुंदीही जवळची आहे. त्यालाही बैठका बदलाव्या लागतात आणि नळ्या मधल्या भागाला वेल्ड कराव्या लागतात. त्याचे शाफ्ट आतल्या टोकाला सी आकाराच्या क्लिपने अडकवलेले असतात, हा त्याचा कमकुवतपणा. पण भंगारातल्या लाखो एक्सप्लोररपैकी एक कापल्याने कोणाचे काही हरवत नाही. ३५ इंचांवर ठाम असाल तर डायनाट्रॅक किंवा करी यांच्यासारख्या कंपन्यांकडून चेरोकीच्या मापाचे, बैठका आधीच बसवलेले, पोटाखाली गुळगुळीत आणि उंच घडवलेले हौसिंग मागवा. मला विचाराल तर मी पहिला मार्ग घेईन आणि उरलेले पैसे पुढच्या डेना ३० च्या शाफ्टवर आणि लॉकरवर घालीन.

तुमच्या एक्सलच्या नळ्या आधीच कापलेल्या निघाल्या, आकडे घासून गेलेले असले, किंवा मधले बीड तडकून कोणी पूर्वी वेल्ड केलेले असले, तर गोष्ट वेगळी. मग त्याचे संग्राहकाला मोल नाही आणि तुम्ही तो खुशाल वापरा. त्या स्थितीत कामाचा क्रम पक्का ठेवा. गाडी तिच्या अंतिम उंचीवर, नव्या पाट्यांवर आणि ३५ इंची टायरांवर उभी करा, एक्सल सुट्या बैठकांवर टेकवून पिनियनचा कोन प्रोपेलर शाफ्टच्या कोनाशी जुळवा, टाके मारा, गाडी हलवून पुन्हा मोजा आणि मगच पूर्ण वेल्ड करा. पिनियनचा जुना योक, म्हणजे क्रॉस ज्यात बसतो तो भाग, मोठ्या क्रॉससाठी आहे आणि जीपचा क्रॉस लहान, तेव्हा पिनियनच्या स्प्लाइन मोजून त्यावर बसणारा नवा योक घ्या. हौसिंगच्या ब्रीदरला, म्हणजे हवा जाण्या-येण्याच्या छिद्राला, नळी जोडून ती बॉडीच्या आत वर न्या, नाहीतर गरम एक्सल ओढ्याच्या थंड पाण्यात गेल्यावर पाणी आत ओढून घेतो आणि तेल दुधासारखे पांढरे होते. डाव्या बाजूचे उलट्या आट्यांचे स्टड प्रेसवर काढून सरळ आट्यांचे बसवा, म्हणजे रानात चाक बदलणाऱ्या मित्राला अडचण होणार नाही. क्राऊन-पिनियनची जुळणी मात्र घरी करू नका. या एक्सलमध्ये कॅरिअरच्या बेरिंगमागे शिम, म्हणजे पातळ चकत्या, असतात, हौसिंग किंचित ताणून कॅरिअर आत बसवावा लागतो आणि दात्यांवरचा रंगाचा ठसा वाचायला सरावलेली नजर लागते.

निर्णय होईपर्यंत तो एक्सल जमिनीवर सोडू नका, ओलाव्याने नळीच्या खालच्या अंगावरचा गंज वाढतो. लाकडी ओंडक्यांवर आडवा ठेवा, झाकण नव्या गॅस्केटसह लावून आत थोडे गिअर ऑईल घाला आणि आठवड्यातून एकदा शाफ्ट हाताने फिरवा, म्हणजे बेरिंगवर तेलाचा थर राहील. काढलेली पत्र्याची पट्टी, स्टडचे नट आणि ड्रमवरच्या क्लिपा एका डब्यात, चिठ्ठी घालून, एक्सलजवळच ठेवा. शेजाऱ्यांच्या घरी अजून जाणे-येणे असेल तर शेडमध्ये त्या प्लिमथची कागदपत्रे, नंबरप्लेट किंवा जुने फोटो राहिले आहेत का, हेही विचारून घ्या. गाडी आणि एक्सल यांचे नाते कागदावर सापडले, तर तो एक्सल कोणत्या गाडीखाली परत जायला हवा हे शोधणे पुष्कळ सोपे होईल.